गोळी फुकट, दोष गावाचा?

आफ्रिकेतल्या रिव्हर ब्लाइंडनेसचा विषय निघाला की आपल्याकडच्या शिकल्यासवरल्या मंडळींत, त्यातही डॉक्टर मंडळींत, एक वाक्य हमखास ऐकू येतं. "औषध फुकट, वर्षातून एकदा घ्यायचं, तेही दारात आणून देतात. पस्तीस-चाळीस वर्षं हे चाललंय आणि तरी रोग आहे तिथेच. लोकांनाच नको असेल तर कोण काय करणार?" म्हणणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो, उलट कळकळच असते. पण या बोलण्यात, काही उघड आणि एक दडलेलं, अशी चार विधानं आहेत आणि चारही चुकीची आहेत. ती चुकीची का, हे जरा सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण हाच तर्क आपण आपल्या हत्तीरोगाच्या मोहिमेलाही लावतो आणि मेळघाटातल्या कुपोषित मुलांच्या आईलाही.

आधी 'रोग आहे तिथेच' हे घेऊ. १९७० च्या आसपास आजच्या बुर्किना फासोत, तेव्हाच्या अप्पर व्होल्टात, व्होल्टा नदीच्या खोऱ्यातली काही गावं अशी होती की शंभरातली दहा माणसं आंधळी, आणि चाळिशी ओलांडलेल्यांत तर हे प्रमाण त्याहून कितीतरी जास्त. काठीचं एक टोक पोराच्या हातात आणि दुसरं बापाच्या, हे तिथलं रोजचं दृश्य. सुपीक काळी जमीन नदीकाठी पडीक आणि माणसं वर माळावर खडकाळ रानात, कारण खळाळत्या पाण्यात वाढणारी आणि हा रोग पसरवणारी सिम्युलियम ही काळी माशी नदीकाठीच चावते. १९७२ साली जागतिक बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट मॅकनमारा तिथे गेले, हे सगळं डोळ्यांनी पाहिलं, आणि १९७४ पासून पश्चिम आफ्रिकेत नद्यांवर विमानं-हेलिकॉप्टरांतून अळीनाशक फवारायला सुरुवात झाली. पुढे अकरा देशांत पसरलेला हा कार्यक्रम २००२ पर्यंत चालला. त्याच्या हिशेबाप्रमाणे सहा लाख माणसांचे डोळे वाचले आणि अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा कसण्याजोगी झाली. त्या भागात रोगाने येणारं आंधळेपण आज जवळपास इतिहासजमा आहे. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नायजर हा रोगमुक्त झालेला आफ्रिकेतला पहिला देश म्हणून जाहीर केला. तिथे एके काळी शंभरातल्या साठांच्या अंगात या रोगाचे जंत होते. 'आहे तिथेच' म्हणणाऱ्याने निदान एवढं तरी वाचायला हवं होतं.

आता 'चाळीस वर्षं' पाहू. ऑक्टोबर १९८७ मध्ये मर्क कंपनीचे प्रमुख रॉय व्हॅगेलोस यांनी जाहीर केलं की आयव्हरमेक्टिन हे औषध लागेल तितकं आणि लागेल तितके दिवस फुकट देऊ. हा शब्द कंपनीने पाळला आणि त्याचं श्रेय तिला दिलंच पाहिजे. (जनावरांच्या औषधावर तिने तोवर बक्कळ पैसा कमावला होता, हेही जाता जाता सांगायला हरकत नाही.) पण घोषणा झाली म्हणजे गोळी गावात पोचली असं नव्हे. सुरुवातीची कित्येक वर्षं गाड्या घेऊन फिरती पथकं जात. ती रस्त्याच्या कडेची गावं करत आणि पुढे निघून जात. पश्चिम आफ्रिकेबाहेरच्या देशांसाठीचा कार्यक्रम १९९५ साली स्थापन झाला. त्यानेही पहिली अनेक वर्षं फक्त जास्त लागण असलेली गावं धरली. नितंबाजवळ किंवा बरगड्यांवर त्वचेखाली हाताला लागणाऱ्या गाठी मोजायच्या आणि पाचातल्या एका प्रौढाला गाठ सापडली तर गाव यादीत घ्यायचं, असा निकष होता. त्याखालची लागण असलेली गावं जाणूनबुजून वगळली, कारण तेव्हाचं उद्दिष्ट आंधळेपण थांबवण्याचं होतं, रोग संपवण्याचं नव्हतं. संपवण्याचं ठरलं त्यानंतर दीड दशकाने. म्हणजे काँगो किंवा दक्षिण सुदानमधल्या एखाद्या गावाच्या नावावर चाळीस वर्षं लिहायची आणि गोळी प्रत्यक्षात मिळाली असेल आठ-दहा वेळा, तीही मध्ये युद्धाचे खंड पडून. ज्या वर्षी गोळ्यांची पेटी आलीच नाही, त्या वर्षाचा जाब गावाला कसा विचारणार?

तिसरी गोष्ट, 'वर्षातून एकदा गोळी घेतली की झालं'. हे मी डॉक्टरांच्याच तोंडून ऐकतो, याचं जास्त वाईट वाटतं. ऑन्कोसर्का व्हॉल्व्ह्युलस या जंताची मादी गाठीत वेटोळं घालून दहा ते पंधरा वर्षं जगते आणि रोज शेकडो सूक्ष्म अळ्या सोडते. त्या अळ्या कातडीत फिरतात, डोळ्यांत शिरतात, आणि तिथे मेल्या की सूज येऊन दृष्टी जाते. खाज इतकी भयंकर सुटते की लोक दगडाने, खापरीने अंग खाजवतात. आयव्हरमेक्टिन अळ्या मारतं आणि मादीचं पिलं सोडणं काही महिने थांबवतं, पण मादीला मारत नाही. काही महिन्यांनी तिचं काम पुन्हा सुरू होतं. म्हणून मादी म्हातारी होऊन मरेपर्यंत, म्हणजे पंधरा-सोळा वर्षं, दर वर्षी, गावातल्या जवळपास प्रत्येकाने गोळी घ्यावी लागते. एक फेरी चुकली तर मागची फेरी बऱ्याच अंशी वाया.

आणि 'जवळपास प्रत्येकाने' म्हणजे किती? रोग संपवायचा तर एकूण लोकसंख्येच्या ८० टक्के लोकांनी गोळी घ्यायला हवी असं धरतात. पाच वर्षांखालच्या मुलांना ती द्यायची नाही, आणि आफ्रिकेतल्या खेड्यात ही मुलंच शंभरात सोळा-सतरा असतात. गरोदर बायका, नुकत्या बाळंत झालेल्या बायका, अंथरुणाला खिळलेले आजारी यांनाही द्यायची नाही. वजाबाकी करून पाहा. ज्यांना गोळी चालते त्या जवळजवळ सगळ्यांनी, एकही सुट्टी न घेता, पंधरा वर्षं ती घेतली तरच ८० चा आकडा गाठता येतो. आपल्या शहरांतले रक्तदाबाचे रुग्ण डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या किती नेमाने घेतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याने आफ्रिकेतल्या शेतकऱ्याला बेफिकीर म्हणावं, याची गंमत वाटते. या शेतकऱ्यांपैकी पुष्कळांना तर गोळी घेताना रोगाचा कसलाही त्रास होत नसतो. दुसऱ्याच्या अंगातून माशीवाटे येणारा रोग थांबावा म्हणून ते ती घेतात.

यावर प्रतिप्रश्न येतो तो बिनतोड वाटणारा: हेच औषध घेऊन कोलंबिया, इक्वेडोर, मेक्सिको, ग्वाटेमाला २०१३ ते २०१६ या चार वर्षांत एकामागून एक रोगमुक्त ठरले, मग आफ्रिकेलाच का जमत नाही? जमत नाही असं नाही, नायजरचं वर सांगितलंच. पण तुलना करायची तर पुरती करावी. लॅटिन अमेरिकेत रोगाची एकूण तेरा ठाणी होती, त्यांतली बहुतेक छोटी, आणि तिथे वर्षातून दोनदा, काही ठिकाणी चारदा गोळ्या दिल्या गेल्या. तिथेही ब्राझील आणि व्हेनेझुएलाच्या सीमेवर यानोमामी आदिवासींच्या जंगलात, जिथे पोचायला विमान लागतं, तिथे रोग अजून आहे. नायजरमध्ये गोळ्यांच्या आधी वर्षानुवर्षं नदीवर फवारणी झालेली होती, आणि नंतर हत्तीरोगासाठी वाटलेल्या आयव्हरमेक्टिनचाही फायदा मिळाला. युगांडाने २००७ पासून वर्षातून दोन फेऱ्या आणि माशीविरुद्ध फवारणी अशी दुहेरी मोहीम घेतली आणि बहुतेक ठाण्यांतून रोग हटवला. मागे राहिलं ते उत्तरेकडचं, जिथे वीस वर्षं बंडखोरांची लढाई चालली. जिथे दोनदा दिलं, फवारलं, शांतता होती, तिथे रोग गेला. जिथे कसंबसं एकदा दिलं तिथे रेंगाळला. यात लोकांच्या वृत्तीचा फरक कुठे दिसतो?

आता चौथं विधान, जे उघड कुणी बोलत नाही पण सगळ्यांच्या मनात असतं: अडाणी गावकऱ्यांच्या हाती औषध दिलं की हेच होणार. इथे थोडं थांबायला हवं, कारण या सगळ्या कहाणीत मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट आणि तिच्यावरच सर्वांत जास्त शिंतोडे उडतात.

पद्धत अशी. गाव बैठक घेतं आणि स्वतःतून वाटप करणारी माणसं निवडतं. कधी वाटायचं, घरोघर जाऊन की झाडाखाली बसून, हेही गावच ठरवतं. पेरणीच्या दिवसांत नको, बाजाराच्या दिवशी नको. निवडलेला माणूस आधी घर न् घर फिरून वहीत नावं लिहितो. मग त्याच्याकडे एक उभी काठी असते, तिच्यावर खुणा केलेल्या. इथे वजनकाट्याची भानगड नाही. काठीला पाठ लावून उभं राहायचं, डोकं कुठल्या पट्ट्यात येतं त्यावर एक, दोन, तीन की चार गोळ्या ते ठरतं. ९० सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत न पोचणाऱ्या पोराला काही नाही. चार गोळ्यांची खूण साधारण १५९ सेंटिमीटरला. गोळी समोर गिळायची, वहीत आकडा लिहायचा, आणि पुढचे दोन-तीन दिवस कुणाला सूज, ताप, जास्त खाज आली का ते पाहायचं. अक्षर जेमतेम ओळखणारा माणूस हे काम चोख करू शकतो. काम सोपं आहे म्हणून नव्हे, काठी शहाणपणाने बनवली आहे म्हणून. १९९० च्या दशकात फिरत्या पथकांशी तुलना करून पाहिली तेव्हा गावाच्या हातातलं वाटप जास्त लोकांपर्यंत पोचलं. नंतर कॅमेरून, नायजेरिया आणि युगांडात याच माणसांच्या हाती मच्छरदाण्या आणि मलेरियाचं औषध देऊन पाहिलं. २००८ मध्ये निष्कर्ष आले, आणि या दोन्ही गोष्टी पूर्वीच्या दुपटीहून अधिक घरांत पोचल्याचं दिसलं. आरोग्यकेंद्रातले शिकलेले कर्मचारी जे करू शकले नव्हते, ते या 'अडाण्यांनी' केलं.

'पण काही गावं नकार देतातच ना?' देतात. का देतात ते ऐका. मध्य आफ्रिकेच्या जंगलपट्ट्यात लोआ लोआ नावाचा दुसरा जंत आहे, कधी कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून सरकताना दिसतो. ज्याच्या रक्तात या जंताच्या अळ्या प्रचंड आहेत, त्याने आयव्हरमेक्टिन घेतलं तर मेंदूला इजा होऊन माणूस बेशुद्ध पडतो, दगावूही शकतो. कॅमेरूनमधल्या ओकोला भागात १९९९ मध्ये पहिल्या फेरीनंतर असंच झालं आणि काही माणसं गेली. त्यानंतर तिथल्या लोकांनी गोळीकडे पाठ फिरवली. याला अज्ञान म्हणायचं? शेजारच्या घरातला धडधाकट माणूस गोळी घेऊन आडवा झालेला ज्याने पाहिला, त्याच्याजवळ त्या दिवशी वैद्यकशास्त्राइतकंच ज्ञान होतं. पुढे २०१५ मध्ये मोबाइल फोनला जोडलेलं एक छोटं सूक्ष्मदर्शक घेऊन संशोधक ओकोलात परत गेले. बोटातून रक्ताचा थेंब, काही मिनिटांत अळ्यांची मोजदाद, आणि आकडा धोक्याच्या वर असेल तर त्या माणसाला गोळी नाही. सोळा हजारांहून अधिक लोक तपासून घ्यायला आले. सुमारे दोन टक्क्यांना लोआमुळे वगळलं, पंधरा हजारांहून अधिकांना गोळी दिली, मेंदूची एकही गुंतागुंत झाली नाही. हीच ती 'नकार देणारी' माणसं. त्यांची शंका खरी धरून उत्तर नेलं, तेव्हा ती रांगेत उभी राहिली.

आणि औषधाबद्दलचं शहाणपण शिकण्यावर अवलंबून असतं असं ज्यांना अजून वाटतं त्यांनी मे २०२१ आठवावा. हेच आयव्हरमेक्टिन. कोविडवर त्याचा उपयोग सिद्ध नव्हता, चाचण्यांबाहेर वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने आधीच सांगितलं होतं. तरी गोव्यात अठरा वर्षांवरच्या सरसकट सगळ्यांना पाच दिवस ते देण्याची घोषणा झाली आणि पुण्या-मुंबईत पदवीधर माणसं व्हॉट्सॲपवरच्या चिठ्ठ्या घेऊन औषधाच्या दुकानांत धावली. तिथे काठी नव्हती, वही नव्हती, दोन दिवस थांबून विचारपूस करणारं कुणी नव्हतं. एका खंडातला शेतकरी सिद्ध झालेलं औषध घ्यायला कां-कूं करतो म्हणून मागासलेला, आणि दुसऱ्या खंडातला इंजिनियर सिद्ध न झालेलं औषध मिठाईसारखं खातो तो जागरूक, हा न्याय मला तरी पटत नाही.

दोष शोधायचाच असेल तर मी बोट दाखवीन ते पैशाकडे. औषध फुकट आहे, पण ते पोचवणाऱ्या माणसाचे पाय फुकट धरले, तिथे गणित बिघडलं. वाटप करणारा आरोग्यकेंद्रापर्यंत चालत जाऊन पेटी आणतो, गणना करतो, वाटतो, शेतावर गेलेल्यांकडे पुन्हा खेपा घालतो, वही भरतो. मोबदला शून्य. त्याच गावात पोलिओच्या मोहिमेला, मच्छरदाणीच्या मोहिमेला भत्ता मिळतो. दोन-चार वर्षं लोकलाजेस्तव काम केलं की पाचव्या वर्षी तो सोडतो, आणि अहवालात लिहिलं जातं, 'समाजाचा सहभाग घटला'. इथे लगेच युगांडाचा दाखला देतात. संशोधक मोझेस कटाबरवा यांनी दाखवून दिलं की माणूस आपल्याच भावकीत, आपल्याच आळीत वाटप करत असेल तर पैशाची मागणी कमी होते, बायका जास्त पुढे येतात आणि काम चांगलं होतं. दाखला खरा आहे. पण त्यातून निघतं ते इतकंच, की क्षेत्र लहान ठेवा, चालणं कमी करा, आणि माणसं जास्त नेमा. पैसे देऊ नका, असं त्यातून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांना कामाच्या मानाने मोबदला द्या असं सांगितलं आहे. आपल्या आशाताई २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये संपावर गेल्या तेव्हा 'सेवा' या शब्दाचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. आफ्रिकेतल्या वाटप करणाऱ्याला तर संप करायला संघटनाही नाही. तो नुसता थांबतो.

एक गोष्ट विरोधकांच्या बाजूची आहे, ती मान्य करतो. काही माणसं दर फेरीला गोळी टाळतात, आणि रोग त्यांच्या अंगात टिकून राहतो. घानातल्या काही गावांत गोळी नेमाने घेऊनही अळ्या अपेक्षेपेक्षा लवकर परतताना दिसल्या, हे २००७ मध्ये समोर आलं. म्हणजे एका गोळीवर सगळा भार टाकणं धोक्याचं आहे. पण इथेही पाहा, दुसरं औषध होतं. मॉक्सिडेक्टिन, अळ्यांना जास्त काळ दाबून ठेवणारं, जनावरांसाठी आधीपासून वापरात असलेलं. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत त्याचा प्रकल्प पोरका झाला आणि अखेर ऑस्ट्रेलियातल्या एका ना-नफा संस्थेने तो उचलून २०१८ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळवली. डॉक्सिसायक्लिन चार ते सहा आठवडे दिलं तर जंताच्या अंगातले जिवाणू मरून मादीच वांझ होते, हेही माहीत आहे. गावोगाव हे रोज देत बसायला माणसं हवीत, आणि माणसांना पगार हवा. फिरून पुन्हा तिथेच.

दक्षिण सुदानमधल्या मारिडी गावात धरणाच्या सांडव्यावर माशी वाढते. युद्धात गोळ्यांच्या फेऱ्या बंद पडल्या. २०१८ मध्ये घरोघर पाहणी केली तेव्हा शंभरातल्या चारांहून अधिक माणसांना अपस्मार निघाला, धरणालगतच्या वस्तीत तर शंभरात बाराच्या आसपास. या जंताची जबर लागण आणि मुलांमधली आकडी यांचा संबंध आता पुष्कळ ठिकाणी दिसून आला आहे. मुलं चुलीत पडतात, पाण्यात पडतात, शाळेतून काढली जातात. म्हणजे रोग डोळ्यांवर थांबत नाही, आणि आंधळ्यांची संख्या घटली म्हणून काम झालं असं मानणाऱ्यांनी मारिडीची पाहणी वाचावी. तिथल्या गावकऱ्यांनी काय केलं? कोयते घेऊन सांडव्यातलं गवत आणि वेली छाटल्या, ज्यांना चिकटून माशीच्या अळ्या वाढतात, आणि माश्यांचे चावे झपाट्याने कमी झाले. लोकांनाच नको आहे, असं म्हणणाऱ्यांना हे गाव कुठल्या रकान्यात बसवायचं?

आज सुमारे २५ कोटी माणसांना या गोळीची गरज आहे, बहुतेक सगळी आफ्रिकेत. एका माणसापर्यंत ती पोचवायला वर्षाला एका डॉलरहूनही कमी खर्च येतो. आफ्रिकेतला १९९५ साली सुरू झालेला तो मोठा कार्यक्रम २०१५ अखेर बंद केला आणि त्याच्या जागी आलेली व्यवस्था तुलनेने तोकडी निघाली. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने यूएसएड या आपल्या मदतसंस्थेची मदत थांबवली, त्यात दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांचा कार्यक्रमही गेला आणि अनेक देशांतल्या फेऱ्या लांबल्या किंवा रद्द झाल्या. पंधरा वर्षं न चुकता चालवायच्या कामात ही खीळ गावाने घातलेली नाही. यापुढे कुणी "फुकट देऊनही घेत नाहीत" म्हणालं, तर एवढं विचारा: यंदा पेटी गावात पोचली होती का, आणि ती आणणाऱ्याला काय दिलं?